ठरवायचं कुणी? फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या सैनिकाची आणि ख्रिस्ती माणसाची केस

१० एप्रिल १९३८ ला ऑस्ट्रियात सार्वमत झालं. प्रश्न एवढाच की जर्मनीत विलीन व्हायला तुमची मान्यता आहे का, आणि खरं म्हणजे महिनाभर आधीच जर्मन फौजा आत येऊन बसल्या होत्या, त्यामुळे विचारायचं म्हणून विचारलेलं. हिटलर ज्या ब्राउनाऊत जन्मला त्याच जिल्ह्यातलं सांक्ट राडेगुंड नावाचं एक छोटं गाव, बव्हेरियाच्या सीमेला लागून. तिथे मतं मोजताना एक चिठ्ठी 'नाही'ची निघाली. एकच. गावच्या लोकांनी ती धरलीच नाही आणि निकाल शंभर टक्के 'हो' असा जाहीर करून टाकला. बहुतेक त्यांना वाटलं असेल की आपण त्या माणसाला वाचवतोय, आणि गावालाही.

तो माणूस फ्रान्झ येगरश्टेटर. शेतकरी, जन्म २० मे १९०७, आणि या सार्वमतानंतर पाच वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४३ ला गिलोटिनखाली मारला गेला, कारण हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला.

ही गोष्ट बहुतेक वेळा शूरवीराची कथा म्हणून सांगितली जाते आणि मग ती वाचून आपण हात जोडतो आणि बाजूला होतो. मला ती तशी नाही बघायची. एक माणूस दोन मोठ्या गटांचा मेंबर आहे, एक कॅथलिक चर्च आणि दुसरं सैन्य, दोन्ही गट त्याला सांगतायत की तू ठरवू नकोस, ते आमचं काम, आणि तरी तो ठरवतो. हे ठरवणं नेमकं घडलं कसं, कुठल्या पायऱ्यांनी, कुणी काय सांगितलं, त्यातलं त्याने काय घेतलं आणि काय नाही, हे मला बघायचंय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फ्रान्झ काही जन्मापासून संत वगैरे नव्हता. आईचं लग्न झालेलं नसताना जन्मलेला, खरा बाप पहिल्या महायुद्धात गेला, पुढे आईचं लग्न झालं आणि नवऱ्याने याला दत्तक घेतलं. तरुणपणी तीनेक वर्षं आयझेनएर्झच्या लोखंडाच्या खाणीत मजुरी केली, गावात पहिली मोटरसायकल यानेच आणली असं सांगतात, लग्नाआधी एक मुलगीही झाली होती. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि दोघं हनिमूनला रोमला गेले. ती भाविक होती आणि तिच्यासोबत तोही बायबल नीट वाचायला लागला. पुढे तीन मुली झाल्या, आणि गावच्या चर्चचा सेवक म्हणूनही तो काम बघायला लागला, म्हणजे दार उघडणं, वेदीची तयारी, मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, सगळं मांडून ठेवणं.

दुसरा गैरसमज असा की त्याने पहिल्यापासून शस्त्र नाकारलं. तसं नाही झालं. जून १९४० मध्ये पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा तो गेला, शपथही घेतली. ही शपथ साधी नव्हती, ऑगस्ट १९३४ पासून जर्मन सैनिक देशाची किंवा घटनेची नाही तर थेट अॅडॉल्फ हिटलर या माणसाची बिनशर्त आज्ञा पाळायची शपथ घ्यायचे. काही दिवसांत मेयरने खटपट करून त्याला शेतीसाठी परत आणलं, मग ऑक्टोबर १९४० ला पुन्हा बोलावलं, एन्सच्या छावणीत ड्रायव्हरचं ट्रेनिंग, आणि एप्रिल १९४१ ला परत मेयरनेच सोडवलं. मेयरने शक्य होतं तेवढं केलं, हे विसरू नये.

कोर्टाच्या निकालपत्रात त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण नोंदवलंय आणि मला ते या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. तो म्हणाला की आधी बोलावल्यावर मी गेलो कारण तेव्हा मला सरकारचा हुकूम न पाळणं हेच पाप वाटत होतं. म्हणजे बघा, आज्ञा पाळणं ही त्याची श्रद्धाच होती आणि नकार हीसुद्धा त्याच श्रद्धेतून आली, मधे बदललं ते त्याने काय बघितलं आणि त्याचा अर्थ काय लावला तेवढं.

बघितलं काय? छावणीतलं वातावरण तर होतंच. त्याच काळात लिन्झजवळच्या हार्टहाइम किल्ल्यात मानसिक आजारी आणि अपंग माणसांना गॅसने मारणं चालू होतं, मे १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात तिथे सुमारे १८,००० माणसं मारली गेली. अधिकृतपणे ते गुप्त, पण त्या भागात कुजबुज होतीच आणि रुग्णांना गाड्या भरून नेतात हे फ्रान्झच्याही कानावर आलं होतं. मग जून १९४१ ला रशियावर हल्ला झाला आणि प्रचार असा की हे देवधर्म न मानणाऱ्या बोल्शेव्हिकांविरुद्धचं, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांविरुद्धचं, युद्ध आहे, ख्रिस्ती लोकांनी तर खूश व्हायला पाहिजे. फ्रान्झने वहीत लिहून ठेवलंय की आपण तिथे बोल्शेव्हिझमशी लढतोय की रशियन लोकांशी, आणि खरं पाहिजे काय, खनिजं, तेलाच्या विहिरी आणि चांगली जमीनच ना. आठ इयत्तांच्या आसपास शिकलेला माणूस, हातात सरकारी छापाशिवाय दुसरी बातमी नाही, पण प्रश्न नेमका विचारला. लुटायला गेलेल्या सैन्याला धर्मयुद्धाचं नाव दिलं म्हणून लूट बदलत नाही.

आता चर्चची बाजू. इथे लोक घाईने म्हणतात की त्याने चर्चविरुद्ध बंड केलं. मला तसं अजिबात वाटत नाही. जानेवारी १९३३ मध्ये लिन्झचे बिशप ग्फ्योल्नर यांनी एक पत्र काढलं होतं आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की एकाच वेळी चांगला कॅथलिक आणि खरा नाझी होणं शक्य नाही. (त्याच पत्रात ज्यूंविरुद्धही मजकूर होता, ते झाकून ठेवायचं कारण नाही.) फ्रान्झने ते वाक्य पकडलं ते सोडलंच नाही. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या बिशपांनी एकत्र पत्रक काढून विलीनीकरणाला पाठिंबा दिला, व्हिएन्नाच्या कार्डिनल इन्निट्झर यांनी तर सोबतच्या पत्रावर स्वतःच्या हाताने 'हाइल हिटलर' लिहिलं, म्हणजे वरचे लोक पाच वर्षांत फिरले आणि हा खाली जिथे होता तिथेच उभा राहिला. तुम्हीच शिकवलं, मी तेच धरून बसलोय, असं त्याचं साधं म्हणणं. गटाच्या विश्वासाविरुद्ध जाणं वेगळं आणि गटाने सोयीने गुंडाळून ठेवलेला विश्वास उघडून बसणं वेगळं, आणि याची केस दुसऱ्या प्रकारची आहे.

तरी तो हेकट नव्हता. भेटेल त्याला विचारत गेला. आधीचे फादर कारोबाथ, ज्यांना एका प्रवचनावरून अटक होऊन गाव सोडावं लागलं होतं, त्यांच्याशी बोलला, नवीन फादर फ्युर्टहाउअर यांच्याशी बोलला, आणि शेवटी प्रश्न कागदावर लिहून लिन्झला नवे बिशप फ्लीसर यांच्याकडे गेला. बिशपांनी काय सांगितलं ते त्यांनीच युद्धानंतर लिहिलंय, त्यामुळे अंदाज करायची गरज नाही. दोन मुद्दे. एक, सरकारच्या कृत्यांची जबाबदारी साध्या नागरिकावर फार थोडी येते. दोन, तुझी खरी जबाबदारी तुझ्या घरच्यांची. फ्रान्झिस्का बाहेर थांबली होती. तो उदास होऊन बाहेर आला आणि म्हणाला की त्यांची स्वतःचीच हिंमत होत नाही, नाहीतर त्यांच्यावरच पाळी येईल.

मला इथे बिशपांना झोडायचं नाहीये. समोर आलेला अनोळखी शेतकरी गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूसही असू शकतो ही भीती त्या काळात कुणालाही असणार, आणि कुटुंबाचा मुद्दा पोकळ नव्हता, धाकटी मुलगी तीन वर्षांचीही झाली नव्हती. पण पहिला मुद्दा नीट बघा, कारण खरा पेच तिथे आहे. चर्चची शतकानुशतकांची शिकवण अशी की युद्ध न्याय्य असेल तरच त्यात भाग घ्यावा, अन्यायाच्या युद्धात मारणं हे पाप. बरं, मग युद्ध न्याय्य आहे की नाही हे बघायचं कुणी? सैनिक म्हणतो अधिकारी बघतील, अधिकारी म्हणतो सरकार बघेल, फादर म्हणतात बिशपांना विचार, बिशप म्हणतात सरकारने ठरवलंय आणि तुझ्याकडे तेवढी माहिती नाही. नियम आहे पण तो लावून बघणारा माणूसच साखळीत कुठे नाही. प्रत्येकाने निर्णय वर ढकलला आणि सगळ्यात वर हिटलर बसलेला. फ्रान्झ या साखळीत सगळ्यात खाली होता, आणि बंदूक हातात घेऊन प्रत्यक्ष गोळी झाडायची वेळ त्याच्यावरच येणार होती, वरच्या कुणावर नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय त्याला सगळ्यांनी दाखवला, सत्ता देवाने नेमलेली आहे म्हणून तिच्या अधीन राहा. त्यालाही तो पाठ होता. पण बायबलमध्येच प्रेषितांच्या कृत्यांत असंही आहे की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि कोर्टात त्याने तेच सांगितलं, काही गोष्टी अशा असतात की तिथे माणसांपेक्षा देवाचं ऐकावं लागतं. 'काही गोष्टी', सगळ्या नाही. तो कर भरत होता, कायदा पाळत होता, शेती करत होता. रेघ त्याने फार बारकाईने ओढली होती, पार्टीच्या वर्गणीला पैसे नाही द्यायचे, मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता घ्यायचा नाही, गारपिटीने पीक गेलं तेव्हाची भरपाईसुद्धा घेतली नाही. पैसे घेतले की बोलायचं तोंड राहत नाही हे त्याला कळत होतं. घरात तीन पोरी आणि हातातोंडाची गाठ असताना भत्ता नाकारणं म्हणजे काय ते विचार करून बघा, मला तर हे कोर्टातल्या नकाराइतकंच जड वाटतं.

२३ फेब्रुवारी १९४३ ला पुन्हा हुकूम आला. लपून बसायचा रस्ता होता, जंगलात पळून जाणारे होते, पण मग घरच्यांना त्रास झाला असता म्हणून तो गेला. सीमेपलीकडच्या टिटमॉनिंग स्टेशनवर गाडी सुटायची वेळ झाली तरी दोघांचे हात सुटत नव्हते. १ मार्चला एन्सला हजर झाला आणि सांगितलं की मी लढणार नाही. लगेच अटक, दोन महिने लिन्झच्या लष्करी तुरुंगात. ईस्टरच्या सुमारास फ्रान्झिस्काने एक फोटो पाठवला, तिन्ही मुली उभ्या आहेत आणि हातात पाटी, 'लाडक्या बाबा, लवकर ये.' हा फोटो आजही बघायला मिळतो. ज्याला निर्णय फार सोपा गेला असेल असं वाटतं त्याने तो फोटो एकदा समोर ठेवावा.

या टप्प्यावर त्याने एक गोष्ट केली जी वीरकथेत नीट बसत नाही म्हणून सुटून जाते. त्याने कळवलं की मी वैद्यकीय तुकडीत काम करायला तयार आहे, जखमींची सेवा करीन, शेजाऱ्यावर प्रेम करा या आज्ञेनुसार. निकालपत्रातही ही नोंद आहे. म्हणजे त्याला मरायची हौस नव्हती. गटात राहून, युनिफॉर्म घालून, आपल्या मनाला पटेल तेवढं देण्याचा रस्ता तो शोधत होता, आणि तो रस्ता त्याला दिला गेला नाही. कारणही उघड आहे, सैन्याला माणसाचं काम जेवढं पाहिजे असतं त्याहून जास्त त्याचा बिनशर्त होकार पाहिजे असतो. अट घालून काम करणारा एक जण चालवून घेतला की उद्या दुसरा विचारणार, मग तिसरा.

मे महिन्यात त्याला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवलं आणि ६ जुलै १९४३ ला सर्वोच्च लष्करी कोर्टाने लढण्याची शक्ती खच्ची करण्याच्या आरोपावरून मृत्युदंड दिला. कोर्टाने नेमलेल्या वकिलाने खूप प्रयत्न केला, अधिकारीही त्याला समजावत होते की आम्हाला ही शिक्षा द्यायला लावू नकोस. १२ जुलैला फ्रान्झिस्का आणि फादर फ्युर्टहाउअर भेटायला गेले, जेमतेम वीस मिनिटं, त्यातही फादर त्याचं मन वळवत राहिले.

आता मानसशास्त्राची एक गोष्ट मधे आणतो, कारण ती इथे थेट लागू होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी प्रयोग केले, कार्डावरच्या रेघांची लांबी सांगायची, उत्तर डोळ्यासमोर स्पष्ट, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. एकटा पडलेला माणूस साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखं चुकीचं बोलून जायचा. पण खोलीत खरं बोलणारा फक्त एक जण जरी ठेवला तरी हे प्रमाण ५-६ टक्क्यांच्या आसपास यायचं. सगळे बाजूने लागत नाहीत, एक पुरतो. रेघा मोजण्यात कुणाची मान जात नव्हती हे खरं, दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, पण फ्रान्झच्या बाबतीत तो 'एक' कोण हे शोधलं की दोन माणसं सापडतात.

पहिले फ्रान्झ रायनिश. ऑस्ट्रियन धर्मगुरू, त्यांनी हिटलरची शपथ घ्यायला नकार दिला आणि २१ ऑगस्ट १९४२ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्यांना मारलं. टेगेलचे चॅप्लेन, म्हणजे तुरुंगातले धर्मगुरू, क्रॉइट्झबर्ग यांनी ही हकीगत फ्रान्झला सांगितली, आणि त्यांच्या आठवणीनुसार त्याचा चेहराच उजळला, मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं, म्हणाला की एका धर्मगुरूने असं केलं असेल तर मीही करू शकतो. किती महिने हा माणूस स्वतःलाच विचारत बसला असेल की एवढे शिकलेले सगळे लोक एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला, मीच चुकत असेन का, मला गर्व झालाय का. हे विचारणं थांबलं नव्हतं म्हणूनच त्याच्या निर्णयावर माझा विश्वास बसतो. ज्याला स्वतःची शंकाच येत नाही असा एकटा माणूस पुष्कळदा नुसता हट्टी असतो.

दुसरी फ्रान्झिस्का. तिनेही सुरुवातीला समजावलं, बायको आहे, का नाही समजावणार. पण सगळं गाव, सासू, नातेवाईक सगळे त्याच्यावर तुटून पडतायत हे बघितल्यावर ती थांबली. पुढे ती म्हणायची की मी पण त्याच्या बाजूने उभी राहिले नसते तर त्याला कुणीच उरलं नसतं. गावाने मात्र उलटं धरलं, हिनेच त्याला देवादिकांच्या नादी लावलं असा ठपका तिच्यावर वर्षानुवर्षं राहिला.

शेवटच्या दिवसांतली पत्रं त्याने बेड्या घातलेल्या हातांनी लिहिली आहेत. त्यातच त्याने लिहिलंय की हात बांधलेले असले तरी ते इच्छाशक्ती बांधलेली असण्यापेक्षा बरं. ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गला नेलं. तिथले चॅप्लेन योखमान भेटायला गेले तेव्हा टेबलावर एक कागद होता, सही केली असती तर जीव वाचायची शक्यता होती. त्याने तो बाजूला सारला, अन्यायाचं युद्ध लढणाऱ्या सरकारसाठी मला शपथ घेता येत नाही. दुपारी चार वाजता, त्या दिवशीच्या सोळा जणांत पहिला तोच.

युद्ध संपलं म्हणजे गटाने लगेच त्याला आपलं म्हटलं असं झालं नाही. १९४६ मध्ये अस्थी गावात आल्या आणि चर्चच्या भिंतीजवळ पुरल्या. त्याच वर्षी धर्मप्रांताच्या पत्रकात त्याच्यावर लेख छापायचा होता तर बिशप फ्लीसर यांनी नको म्हटलं, त्यांचं मत असं की कर्तव्य म्हणून लढून मेलेले कॅथलिक तरुण हेच मोठे वीर. यातलं दुःख मला समजतं. ज्या घरांतली पोरं रशियात मेली त्या घरांना काय सांगणार, की तुमचा मुलगा पाप करत मेला? एका माणसाने 'नाही' म्हटलं की 'हो' म्हटलेल्या सगळ्यांच्या होकारावर प्रश्न उभा राहतो, त्याने कुणाकडे बोट दाखवलं नाही तरी. स्वतः फ्रान्झने लढायला गेलेल्या गावकऱ्यांना दोष दिल्याचं मला कुठे सापडलं नाही, देवाने मला हे समजायची कृपा दिली आणि त्यांना कदाचित नाही दिली, असा त्याचा सूर.

फ्रान्झिस्काला विधवा पेन्शन १९५० पर्यंत नाकारली गेली, कारण नवरा लढताना मेलेला नाही. १९६० च्या दशकात त्याच्यावर संशोधन होऊन जगाला नाव कळलं, १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, सद्सद्विवेकापायी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यांनी माणुसकीची सोय करावी असं लिहिलं आणि त्या चर्चेत आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी याच शेतकऱ्याचं उदाहरण मांडलं होतं. ७ मे १९९७ ला बर्लिनच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. २६ ऑक्टोबर २००७ ला, ज्या लिन्झमध्ये बिशपांनी त्याला परत पाठवलं होतं त्याच लिन्झच्या कॅथेड्रलमध्ये, चर्चने त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. फ्रान्झिस्का तेव्हा ९४ वर्षांची होती आणि समोर बसलेली होती. २०१३ मध्ये शंभरी पूर्ण करून काही दिवसांनी ती गेली.

मधली सगळी वर्षं ती गावातच राहिली, शेत आणि तीन मुली सांभाळत. फ्रान्झचं चर्चमधलं सेवकाचं कामही तिने पुढे चालवलं, म्हणजे तिला नावं ठेवणारे लोक मिस्साला यायच्या आधी दार उघडायचं, मेणबत्त्या लावायच्या, वेदी मांडून ठेवायची.